रविवारचा चमचा

"तुमच्या पेटीत सगळ्यात जहाल काय हाय, पावनं?"

तात्या कारंड्यांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर नीट टेकलोही नव्हतो. एसटी फाट्यावर सोडून गेली होती. तिथून वस्तीपर्यंत माळ तुडवत आलो होतो आणि घशाला कोरड पडली होती.

"तात्या, आधी घोटभर पाणी तरी द्या."

"पानी मिळंल. पर आदी सांगा. आठवडा होत आला, पोट उतरलं न्हाई. आत कुनीतरी मूठ आवळून बसलंय बगा."

त्या काळी मी पुण्याच्या एका कंपनीची जुलाबाची औषधं विकायचो. दोस्त चेष्टा करायचे, मुरलीधर आला की गाव मोकळं होतं म्हणून. करोत बापडे. घरातली भांडणं, भावकीतले दावे माणूस परक्याला सांगत नाही; पण माझी पेटी दिसली की भरल्या स्टॅंडावर कुणीतरी कानाशी लागायचं आणि पोटातलं सगळं ओठावर यायचं. मला त्याची सवय झाली होती आणि खरं सांगायचं तर थोडी मिजाससुद्धा होती. अडलेलं पोट आणि मी, यात आजवर मीच जिंकत आलो होतो.

पण या खेपेला मी पेटी विकायला आलो नव्हतो. ही वस्ती म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, हौसाअक्काचं सासर. दाजी फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात अक्का आणि तिचे सासूसासरे एवढेच. अक्काची आधीची दोन बाळंतपणं पूर्ण दिवस भरायच्या आतच फिसकटली होती. आता तिला पाचवा लागला होता. आईनं मला मुद्दाम पाठवलं होतं. निघताना ती एवढंच म्हणाली, "नुसतं बघून ये. हेही गेलं तर पोरगी त्याच्यामागं जाईल."

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मी पाणी प्यायचं विसरलो. अंगानं भरायचे दिवस तिचे. पण चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं, कातडीवर मातकट पिवळी छटा. तिनं ओसरीवरून अंगणात पाय टाकताना मधलाच उंबरा टाळला आणि कडेच्या खांबाला धरून वळसा घातला. मला वाटलं, चक्कर येत असेल.

स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, "तब्येत काय ही? खातेस की नाही?"

"खाते की. त्वांडाला चव न्हाई. तांब्याचा पैसा चोखल्यागत वाटतं." मग तिनं बाहेर पाहिलं आणि आवाज बारीक केला. "मुरल्या, या घरात कोन तरी हाय."

"म्हणजे?"

"तात्यांस्नी दिसती. दुपारची दारात येऊन बसती. बाई हाय. दोनी हातांनी पोट धरून बसती, डावा कान न्हाई तिला. बोलत काय न्हाई."

"आणि तुला?"

"मला न्हाई दिसत. पर दुपारच्याला मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवत न्हाई."

मी हसलो. म्हातारपण, ऊन आणि आठवडाभराचं तुंबलेलं पोट. माणसाला बाई काय, अख्खी वरात दिसेल, असं काहीतरी बोललो. अक्का हसली नाही. चुलीपुढं बसून ती भाकरी थापत राहिली. या घरात आता भाकरी तीच थापायची, सासूबाईंच्या हातांना ते जमेना झालं होतं.

जेवणं झाली आणि वस्तीवर दुपार उतरली. माणदेशातली ती दुपार, पाखरूसुद्धा गप्प. तात्या ओसरीवर बाजेवर पडले होते, मी भिंतीला टेकून डुलक्या घेत होतो. एकाएकी तात्यांनी बाज करकरवली, उठून बसले आणि उंबऱ्याकडं पाहून अगदी घरच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "जरा आत सरकून बस बाई. ऊन लागंल."

उंबऱ्यावर कुणीही नव्हतं. तात्यांनी मात्र तिच्यासाठी पायाशी पडलेली काठी उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा आडवे झाले. माझी झोप उडाली ती उडालीच. त्या क्षणी त्या उंबऱ्यावर पाय दे म्हणून कुणी मला राज्य दिलं असतं तरी मी दिला नसता.

भीती घालवायला मला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे माझं काम. संध्याकाळी मी पेटी उघडली. तात्यांना इसबगोल दिला आणि वर तांब्याभर पाणी ढोसायला लावलं.

"येवडं पानी कशापायी?" ते कुरकुरले.

"हा भुसा पाण्यात फुगतो, तात्या. आतला माल मऊ करतो आणि पुढं लोटतो. पाणी नाही प्यालात तर हाच आत बूच होऊन बसेल."

सकाळ झाली, काही नाही. मग सोनामुखी दिली. ही आतड्याला चिमटा काढते, झोपलेलं आतडं वळवळायला लागतं. तात्यांचं पोट मुरडलं, घाम फुटला, आणि पदरात पडलं ते शेळीच्या लेंडीएवढं. मग विलायती मीठ दिलं. ते अंगातलं पाणी ओढून आतड्यात आणतं आणि सगळं पातळ करून सोडतं. त्यानं थोडीफार वाट झाली. पण अंधार पडायच्या आत तात्यांची पुन्हा तीच तक्रार. मूठ आवळलीय, सोडत नाही.

माझी पेटी पहिल्यांदाच हरत होती. त्यात मावशी, म्हणजे अक्काच्या सासूबाई, मला टोमणे मारायला टपलेल्याच होत्या. बाई मोठी करारी. घर, गुरं, देवदेव सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं.

"ऱ्हाऊ द्या पावनं तुमचं पुण्याचं भुसकाट. उद्या रविवार हाय. देव करील मोकळं."

असं म्हणून त्यांनी मला हात जोडले, थट्टेनं. जोडलेले हात मनगटापासून खाली लोंबले. बोटं वर धरायचा त्यांनी यत्न केला, पण ती वर येईनात. मी बघतोय हे ध्यानात आल्यावर त्यांनी हात पदराखाली घेतले आणि तोंड फिरवून मिश्री लावायला बसल्या.

लोंबणारं मनगट मी आधी एकदा पाहिलं होतं, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये. आम्हाला शिकवायला डॉक्टर अंजर्लेकर म्हणून एक तिरसट म्हातारे यायचे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका माणसाला त्यांनी आमच्यापुढं उभं केलं होतं. त्याचेही हात असेच लोंबत होते. "जुलाब काय, कुठलंही पोरगं विकेल," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्ही आधी विचारा, बंद का झालं? पोट दगडासारखं, मनगट लुळं, हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ आणि माणूस भलतंसलतं बघायला लागला, तर पेटी मिटा. त्याच्या पोटात शिसं चाललंय. ते कुठून येतंय ते शोधा."

मावशींच्या हिरड्या मिश्रीनं काळ्याच होत्या, त्यांवरून काही कळेना. मी तात्यांकडं गेलो. त्यांनी जन्मात कधी मिश्रीला बोट लावलं नव्हतं.

"तात्या, आ करा बघू."

"आता त्वांडातनं औशिद घालता व्हय? आजवर काय कानातनं घातलंसा?" असं म्हणत त्यांनी आ केला. दात जिथं हिरडीत रुततात तिथं, पेन्सिलीनं ओढावी तशी, निळसर काळी रेघ होती.

मग मी अक्काला कंदिलाजवळ नेऊन तिचा ओठ खाली ओढला. तिची रेघ अजून फिकी होती, पण होती.

मला त्या बाईची वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. गरोदर बाईच्या अंगात गेलेलं शिसं पोराला पोचतं हे अंजर्लेकरांनी सांगितलं होतं, आणि पुढं काय होतं तेही. मी घरातली सगळी भांडी पालथी घातली. तांब्याच्या भांड्यांची कल्हई नखानं खरवडून बघितली. पण स्वयंपाक सगळा मातीच्या आणि जर्मनच्या भांड्यांत होत होता. विहिरीचं पाणी म्हणावं तर शेजारच्या मळ्यातली माणसं तेच पीत होती आणि सगळी ठणठणीत होती. दाजी सुट्टीवर आले की इथंच जेवायचे. "इथं आलं की यांचंबी पोट धरतं," अक्का म्हणाली, "तिकडं गेलं की आपसूक बरं व्हतं." म्हणजे जे काही होतं ते याच घरात होतं आणि ते मला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारच्या सुमाराला मावशींनी आंघोळ केली आणि आम्हा सगळ्यांना परड्यात बोलावलं.

घरामागं कारंड्यांचा देव होता, खडकोबा. कमरेइतका उंच दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेला शेंदूर. थरावर थर बसून तो इतका सुजला होता की गोधडी पांघरून कुणी उकिडवं बसलंय असं वाटावं. नाक नाही, तोंड नाही, नुसते चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. या देवाला घराबाहेरचं दुसरं कुणी भजत नव्हतं. हा घरचा होता आणि पोटाचा होता. त्याच्या अंगावरच्या शेंदराची खपली कधीमधी आपोआप गळायची, ती डब्यात जपून ठेवायची. हातानं काढायची नाही, शिवेबाहेर न्यायची नाही, असा दंडक. दर रविवारी ती खपली उगाळून घरातल्या प्रत्येकानं चमचाभर घ्यायची, की कोठा साफ.

मावशींनी सहाणेवर एरंडेल ओतलं, डब्यातली खपली दोन तळव्यांत दाबून धरली आणि उगाळायला लागल्या. तेलात तांबडं लाल गंध उतरू लागलं. चमचा भरून आधी देवापुढं धरला, मग तात्यांच्या तोंडात रिकामा केला, मग स्वतः घेतला. तात्यांनी तोंड पुसलं आणि समाधानानं पोटावरून हात फिरवला.

मग त्यांनी सहाण पुसली, कोरडी खपली पुन्हा घासली आणि ती पूड पेल्यातल्या दुधात ढवळली.

"पोटुशीला एरंडेल द्यायचं न्हाई, येवडं कळतं मला," त्या मला ऐकवत म्हणाल्या. "हिला दुदातनं. घे गं हौसा."

अक्कानं पेला हातात घेतला. दूध गुलाबी झालं होतं. आणि त्या रंगाकडं बघताना माझ्या डोक्यात अंजर्लेकरांचा आवाज उठला. छापखान्याचे खिळे, बॅटरीच्या पट्ट्या, लोखंडी पुलांना फासतात तो तांबडा रंग. तो रंग आणि शेंदूर एकच, दोन्ही शिशाचे, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

मी पेल्यावर हात ठेवला. "अक्का, पिऊ नकोस."

"का?" मावशी उसळल्या. "तुमच्या पेटीतलं घ्यावं म्हून?"

"माझ्या पेटीतलंही नको. मावशी, या शेंदरात शिसं असतं. तो देवाच्या अंगावर चढवायचा, माणसाच्या पोटात घालायचा नाही. तुमचे हात त्यानंच गेलेत. तात्यांचं पोट त्यानंच बांधलंय."

"बांदलंय? आरं, रविवारचा चमचा घेतला की संद्याकाळपतोर मोकळं हुतंय!"

"ते एरंडेलानं होतं. एरंडेल आतड्याला धक्का देतं. पण त्याच चमच्यातला शेंदूर आठवडाभर पुन्हा आवळत बसतो. एका हातानं दार उघडता आणि दुसऱ्यानं कडी घालता."

"देवाला इख म्हनतोस, भाड्या? माज्या आजेसासूपासनं घेत्यात समदी!"

माझंही डोकं फिरलं. "आणि आजेसासूपासून या घरात पाळणा किती वेळा हलला? तात्यांचे वडील दत्तक. तात्या एकटे. दाजी एकटे. अक्काची दोन गेली. कधी विचारलंत स्वतःला?"

अक्कानं माझा दंड धरला. बोललो ते फार झालं हे मलाही कळलं. पण आता मागं फिरायची सोय नव्हती. मी आवाज उतरवला.

"मावशी, दाजी पोटात होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

त्या मला फाडून खातील असं वाटलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "म्हायेरी."

"किती दिवस?"

"सुरवातीपासनंच. दुस्काळ हुता. हितं प्याला पानी न्हवतं म्हून बाप घिऊन गेला. रंगा झाल्यावरच आले."

"तिकडं खपली होती?"

"खपली शीव वलांडत न्हाई." हे त्या सवयीनं बोलून गेल्या आणि मग स्वतःचेच शब्द ऐकल्यासारख्या थांबल्या. त्यांची नजर सहाणेवर गेली, तिथून अक्काच्या पोटावर.

"चार गेली माजी," त्या म्हणाल्या. "परत्येक डाव हितंच. परत्येक डाव देवाला म्हनायचे, माजं काय चुकलं? आनि खपली जास्तीची उगळायचे."

मावशींनी अक्काच्या हातातला पेला दोन मनगटांत धरून घेतला आणि परड्याच्या कडेला, निवडुंगाच्या मुळाशी ओतला. मग त्या सरळ देवापुढं गेल्या. मला वाटलं, पाया पडतील. त्यांनी शेंदराच्या कडेखाली बोटं घातली. बोटं वळेनात.

"हातात जोर न्हाई," त्या म्हणाल्या. "मुरलीधर, तू हो म्होरं."

"मावशी, देवाला हात…"

"हो म्होरं, न्हाईतर बाजूला सर!"

पेटीत सगळं शास्त्र घेऊन फिरणारा मी, पण त्या चांदीच्या डोळ्यांपुढं जागचा हललो नाही. मावशींनी पदर खोचला, दगडाला खांदा लावला आणि तोंडानं "चल, उतर! चल, उतर!" म्हणत रेटायला लागल्या. कुठंतरी कडकन वाजलं. शेंदराचं अख्खं कवच डोळ्यांसकट सुटलं, कललं आणि धप्पकन मातीत पडलं.

आतला दगड काळाभोर निघाला, आणि तो नुसता दगड नव्हता. कुणीतरी फार जुन्या काळी घडवलेली बाई होती. पाय मुडपून बसलेली. दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले. डावा कान तुटलेला.

अक्कानं वळून माझ्याकडं पाहिलं. मावशी खांद्यावरचा शेंदूर न पुसता नुसत्या बघत राहिल्या. एवढ्यात तात्या भिंतीला धरत धरत जवळ आले. त्यांनी त्या मूर्तीकडं निरखून पाहिलं. त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही.

"हितं येऊन बसलीय व्हय," ते म्हणाले. "तरीच आज दारात न्हाई."

पुढचं सगळं घाईत झालं. त्या तिघांना मी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अंजर्लेकरांचंच म्हणणं खरं निघालं. तात्या आणि मावशी बरेच दिवस तिथं राहिले. अक्काला मी आईकडं घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले होते, आता नवीन काही पोटात जाऊ देऊ नका, पुढचं सांगता येत नाही. आई देव पाण्यात घालून बसली. मी पेटी घेऊन गावोगाव हिंडत होतो. पण प्रत्येक एसटी स्टॅंडावर उतरलो की आधी गर्दीत नजर फिरवायचो, घरून कुणी शोधत आलं असेल म्हणून.

दिवस पुरे भरले. अक्काला मुलगी झाली. बारकीशी, पण रडली अशी की भर दुपारी शेजारची घरं झोपेतून उठली. निरोप सांगायला मीच दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो.

ओसरीवर तात्या बसले होते, गाल भरलेले, नजर लख्ख. दवाखान्यातून आल्याला दोन-तीन महिने झाले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी हात वर केला.

"पेटी उगडू नका, पावनं. आता रोजचं रोज साफ हाय."

मी पेढा पुढं केला, मुलगी झाल्याचं सांगितलं. मावशी आतून धावत आल्या. त्यांचे हात पुरते सुधारले नव्हते, पण पेढा त्यांनी स्वतःच्या बोटांनी उचलला. आधी परड्यात जाऊन त्या काळ्या बाईपुढं ठेवला, मग त्या तिथंच बसून मोठ्यानं रडल्या. ते रडणं मला थांबवावंसं वाटलं नाही. चौघांचं राहून गेलेलं रडणं होतं ते.

तात्या मात्र गालात हसत होते.

"मला ठाव हुतं," ते म्हणाले. "काल दुपारीच कळलं."

"कसं? मी तर आत्ता येतोय."

"ती दिसली."

डॉक्टरांनी त्यांचं रक्त चांगलं झाल्याचं सांगितलं होतं. त्यांना भास होऊन गेले त्याला काळ लोटला होता.

"तात्या, मधे कधी दिसली होती?"

"न्हाई. दवाखान्यातनं आल्यापास्नं कवा न्हाई. कालच."

"उंबऱ्यावर?"

"छा! बांधावरनं चालली हुती, पाठमोरी. बिगीबिगी."

"पोट धरून?"

मला एवढंही कळू नये याची गंमत वाटावी तसं तात्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पोट कशाला धरंल आता? कडंवर पोर हुतं की तिच्या."